मदत हवी आहे: हेरेडिटरी अँजिओएडेमा (एचएई) असलेल्या मोठ्या माणसाने नक्की कुठल्या डॉक्टरकडे जायचं?

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. वय ३४, संगमनेरला असते. आजाराचं नाव आता कळलंय (एचएई म्हणजे अंगाला अचानक सूज येणारा आनुवंशिक आजार) पण तो बघणारा डॉक्टर काही सापडत नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

तिला कॉलेजात असल्यापासून मधूनमधून सूज येते. कधी हात, कधी ओठ, कधी एक डोळा पूर्ण बंद. खाज नाही, पित्ताच्या गांधी नाहीत, ताप नाही. आधी कातडी ताणल्यासारखी होते आणि मग काही तासांत पंजा असा फुगतो की मूठ वळत नाही, एकदा तर अंगठी सोनाराकडून कापून घ्यावी लागली, बोट निळं पडायला लागलं होतं. दोन-तीन दिवसांत आपोआप उतरते. दरवेळी ठरलेलं, ॲलर्जी आहे, एविल (ॲलर्जीचं औषध) घ्या, डेक्सा (स्टिरॉइड) घ्या, घरी जा. आणि सूज तिसऱ्या दिवशी उतरली की इंजेक्शन लागू पडलं असं सगळे म्हणणार. वांगं बंद, शेंगदाणे बंद, अंडी बंद. आयजीई (ॲलर्जीसाठीची रक्ततपासणी) नॉर्मल आला तरी पथ्य चालूच.

पोटाचं प्रकरण वेगळंच चाललं होतं. मरणाच्या कळा, उलट्या, सोनोग्राफीत पोटात पाणी आणि आतड्याला सूज. अपेंडिक्सचं ऑपरेशन ठरलंसुद्धा होतं, सर्जन म्हणाले एक रात्र थांबून बघू, आणि सकाळी पोट मऊ! पण हात स्किनवाल्यांकडे आणि पोट गॅस्ट्रोवाल्यांकडे, त्यामुळे दोन्ही एकच असेल हे कुणाच्या मनातच आलं नाही. पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या चालू केल्या तेव्हा सूज कितीतरी वाढली, तेही कुणी लक्षात घेतलं नाही.

शेवटी एका तरुण फिजिशियननी विचारलं, घरात अजून कुणाला असं होतं का? आईला वर्षानुवर्षं पोटाच्या कळा येतात, आम्ही ॲसिडिटी समजायचो. आणि आईचे वडील गळा सुजून गेले, तेव्हा गावात सगळे म्हणाले काहीतरी चावलं असणार. हे ऐकल्यावर त्यांनी लगेच सी-फोर ही रक्ताची तपासणी सांगितली, ती कमी आली, मग सी-वन इनहिबिटर, तेही कमी. आईचंही तसंच निघालं. आई बीपीसाठी रामिप्रिल घेत होती, ती त्यांनी त्याच दिवशी बदलली कारण त्या गटातल्या गोळ्यांनी या आजारात सूज वाढते. ही ॲलर्जी नाहीच, रक्तातलं एक प्रोटीन (हेच ते सी-वन इनहिबिटर) जन्मतः कमी असतं, त्यामुळे ब्रॅडीकायनिन नावाचा सूज आणणारा पदार्थ वाढतो आणि सूज येते, म्हणून एविल, स्टिरॉइड, ॲड्रेनलिन यातलं काही लागू पडत नाही. तेच डॉक्टर पुढे स्पष्ट म्हणाले की मी अशी केस हाताळलेली नाही, इम्युनॉलॉजिस्ट (प्रतिकारशक्तीच्या आजारांचे डॉक्टर) गाठा. त्यांचे उपकार कधी विसरणार नाही.

आणि तिथून खरी वणवण सुरू झाली. ॲलर्जीवाले म्हणाले ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला (संधिवातवाल्यांना) दाखवा, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणाले हे रक्ताचं आहे, हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) म्हणाले आमच्याकडे येत नाही. प्रत्येक ठिकाणी नवीन केसपेपर, नवीन फी, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि समोरचा फाईलचं पहिलं पान बघून विचारणार, ॲलर्जी टेस्ट केली का? बहीण आता म्हणते मला कुठेच नेऊ नकोस. हे ऐकवत नाही हो.

मला एवढं कळलंय की चंदीगडच्या पीजीआयमध्ये या आजाराचे पेशंट बघतात, आणि मुंबईत परळला केईएम हॉस्पिटलच्या आवारात एनआयआयएच ही रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांची संशोधन संस्था आहे. तिथल्याच वाडिया हॉस्पिटलात इम्युनॉलॉजी आहे पण ते मुलांचं. तिथे भाचीला न्यायचंच आहे, सहा वर्षांची आहे, तिला असण्याची शक्यता पन्नास टक्के. पण ३४ वर्षांच्या बाईने आणि ६१ च्या आईने कुठे जायचं?

तर मुंबई, पुणे, नाशिक कुठेही, मोठ्यांचा एचएई नियमित बघणारं कुणी माहीत आहे का? कुठल्या हॉस्पिटलात, कुठल्या ओपीडीत, एवढं कळलं तरी पुरे. नावं उघड लिहायची नसतील तर व्यनि करा. आणि ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी प्लीज सांगा, गळ्याला सूज आली तर तालुक्याच्या गावी तुम्ही काय करता? प्लाझ्मा (एफएफपी) देतात असं कळलं, पण आमच्याकडे रात्री दोनला ड्यूटीवरच्या डॉक्टरला हे कसं पटवायचं? कुणाकडे सोबत ठेवायचं पत्र किंवा कार्ड असेल तर त्यात काय काय लिहिलंय तेही कळवा. सूज येऊच नये म्हणून रोज घ्यायला डॅनॅझोल आणि ट्रॅनेक्झामिक ॲसिड अशी दोन नावं ऐकली आहेत, डॅनॅझोल बायकांना दीर्घकाळ दिलं तर आवाज बदलतो, लव वाढते म्हणतात, कुणी घेतंय का?

सगळ्यात घाईचं म्हणजे तिची दाढ काढायची आहे. दाताच्या कामानंतर गळा सुजू शकतो, त्यामुळे डेंटिस्टना आधी तज्ज्ञाचं लेखी हवंय, आणि त्यांचं बरोबरच आहे. पण तज्ज्ञच नाही तर लेखी आणायचं कुठून? तोवर ती दुखऱ्या दाढेवर पेनकिलर घेऊन दिवस काढतेय.

एक विनंती, काढे, डिटॉक्स, पथ्यं कृपया सुचवू नका, तुमच्या मनात चांगलंच असेल पण त्यात खूप वर्षं गेली आहेत. आणि हे वाचून कुणाला आपल्या घरातली अशी बिनखाजेची, औषधाने न उतरणारी सूज आठवली तर फिजिशियनला सी-फोरबद्दल नक्की विचारा. मी रोज रात्री धागा बघेन, रिपोर्ट कुणाला बघायचे असतील तर पाठवते.