लेकीची पाळी अजून सुरू व्हायची आहे, आणि सगळे म्हणतात पिशवी काढून टाका

इंदिरानगरची आई

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. माझी मुलगी १२ वर्षांची आहे. तिला बौद्धिक अक्षमता आहे, विशेष शाळेत जाते. हाताने जेवते, कपडे घालते, आंघोळीला थोडी मदत लागते. बोलते, पण दोन-तीन शब्दांत. हल्ली अंगाने भरायला लागली आहे.

सासूबाई आणि नणंद रोज एकच विषय काढतात, "हिला पाळीचं काही झेपायचं नाही, आत्ताच पिशवी काढून टाक." एका डॉक्टरांकडे सर्दीसाठी नेलं होतं, तेही तिच्या देखत म्हणाले, "काढलेली बरी, हिला कुठे संसार करायचाय." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. काय कळलं तिला, देव जाणे. माझी आई होती तेव्हा सोबत, ती बाहेर येऊन रडली.

मला पिशवी काढायची नाही. पण तिला सांगू काय आणि कसं? मिस्टरांना वाटतं, जास्त सांगितलं तर नको ते डोक्यात भरेल. ती शाळेच्या व्हॅनने एकटी जाते, त्याचीही धास्ती आहे. कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

विशेष शिक्षिका, नाशिकरोड

ताई, आधी पिशवीचं बोलते, कारण ते ऐकून माझा जीव तुटतो.

१९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली. कारण हेच दिलं होतं, की मुलींना स्वच्छता राखता येत नाही. त्यावर मोठा निषेध झाला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या. आता २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याच्या कलम १० मध्ये स्पष्ट लिहिलंय, की दिव्यांग व्यक्तीवर वंध्यत्व येईल असा कुठलाही उपचार तिच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय करायचा नाही. पाळी म्हणजे काय हेच जिला कुणी सांगितलेलं नाही, तिची अशी संमती कुठून येणार? गर्भाशयाचा खरोखर आजार असेल तर गोष्ट वेगळी. त्याच कलमात सरकारने दिव्यांगांना प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची माहिती मिळेल असं बघायचं, हेही आहे. म्हणजे तुम्ही जे विचारताय तो तुमच्या लेकीचा हक्कच आहे.

आणि सासूबाईंना एवढं नक्की सांगा, की पिशवी काढली तरी अंडाशयं राहतात. वयात येणं थांबत नाही, कुणी आवडणं थांबत नाही, आणि कुणी वाईट हात लावायचाही थांबत नाही. पाळीसोबत थांबतो तो फक्त गर्भ, म्हणजे अत्याचार झाल्याची एक खूण तेवढी नाहीशी होते.

आता शिकवायचं कसं. पाळी येण्याआधीच सुरू करा, अगदी या आठवड्यात. तुमची पाळी असेल तेव्हा तिला बाथरूममध्ये घेऊन जा, पॅड दाखवा, "आईला पाळी आली, दुखापत नाही" हे शब्द रोज तेच वापरा. आमच्या मुलींचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो: रक्त म्हणजे पडलो, लागलं, असं त्यांना वाटतं आणि त्या भेदरतात. मग कोरडं पॅड लावून घरात वावरायची सवय, आधी थोडा वेळ, मग अर्धा दिवस. तिच्या चड्डीवर पॅडच्या कडेने रंगीत दोऱ्याने टाके घाला, म्हणजे पॅड कुठे बसवायचं ते तिला दिसतं. वापरलेलं पॅड म्हणून लाल रंगाचं पाणी टाकून दाखवा. काढ, गुंडाळ, कागदात घाल, डब्यात टाक, हात धू. याच क्रमाने चित्रं काढून बाथरूमच्या दारामागे लावा. कालनिर्णयवर त्या तारखांना तिच्याच हाताने लाल टिकली लावून घ्या. हे बसायला महिने लागतात. पण बसतं. दात घासायलाही ती अशीच शिकली असेल ना?

फिट्स येत असतील तर पाळीच्या आसपास काही मुलींना त्या वाढतात, न्यूरॉलॉजिस्टना तारखा दाखवा. पोटात दुखतंय हे तिला सांगता येत नसेल तर चिडचिड, चावणं, डोकं आपटणं अशा रूपात ते दिसेल. त्याला हट्ट समजू नका. आणि ९ ते १४ या वयात घ्यायची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस तिलाही हवी, "हिला कशाला" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

नको ते डोक्यात भरेल, या मिस्टरांच्या भीतीबद्दल. अवयवांची खरी नावं माहीत असलेलं मूलच काय झालं ते सांगू शकतं. "तिकडे", "शी-शूची जागा" एवढंच शिकवलेली मुलगी पोलिसांना काय सांगणार? तिला छाती, योनी, कुल्ले हे शब्द द्या. आणि एक गोष्ट आपण मोठ्यांनी बंद करायला हवी. आपण आपल्या मुलांना पाहुण्यांसमोर "काकांना पापी दे" म्हणून ढकलतो, अंगाला कुणीही हात लावला तरी निमूट राहायला शिकवतो, आणि मग तीच मुलं वेळ आल्यावर "नाही" म्हणतील अशी आशा धरतो. घरी "नको" म्हणाली तर मान्य करा, केस विंचरतानासुद्धा.

व्हॅनमध्ये एखादी ताई किंवा मावशी असावी, असा आग्रह शाळेकडे धरा. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, मुलाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला बलात्कार हा अधिक गंभीर गुन्हा धरला जातो. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा नंबर फोनमध्ये ठेवा.

चंद्रिका_नाशिक

मी पूर्ण अंध आहे, एम.ए. करते. ताईंच्या मुलीसारखी माझी परिस्थिती नाही, पण एक सांगावंसं वाटतं. मला सगळ्यांनी सांगितलं होतं, "लाल रक्त येईल." लाल म्हणजे मला काय कळणार? पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मला वाटलं लघवी झाली, आणि मी दिवसभर शरमेने बाकावरून उठले नाही. चिकटपणा कसा असतो, वास कसा येतो, पॅड जड झालं की बदलायचं, हे मला माझ्या मोठ्या बहिणीने शिकवलं. शाळेत प्रजननाच्या धड्यातल्या आकृत्या "तुम्हाला लागू नाहीत" म्हणून सोडून दिल्या होत्या. मातीचं गर्भाशय करून हातात दिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

अजूनही दवाखान्यात गेले की "हिची पाळी नियमित आहे का?" हे माझ्या आईला विचारतात. ताई, तुम्ही डॉक्टरांना सांगा, प्रश्न तिला विचारा. ती दोन शब्दांत उत्तर देईल, देऊ द्या.

सिडकोचा बाबा

सगळी चर्चा मुलींची चाललीय म्हणून विचारतो. माझा मुलगा १६ चा, डाऊन सिंड्रोम. गॅलरीत उभा राहून पँटीत हात घालतो. शेजाऱ्यांनी तक्रार केली. मी मारलं नाही, पण काय बोलावं ते सुचत नाही.

विशेष शिक्षिका, नाशिकरोड

दादा, मारलं नाहीत हे फार चांगलं केलंत. त्या वयाच्या कुठल्याही मुलाला जे होतं तेच त्याला होतंय. "घाण" म्हणू नका. फक्त जागा शिकवा: तुझी खोली, दार बंद, मग चालेल. गॅलरी, शाळा, रिक्षा, नाही. दरवेळी न ओरडता हात धरून खोलीकडे न्या. खोली वेगळी नसेल तर बाथरूम ठरवून द्या. आणि हे त्याला वडिलांनीच शिकवावं. झोपेत चड्डी ओली होते तेही आत्ताच सांगा, नाहीतर आजारी पडलो समजून घाबरतो. दुसऱ्याच्या अंगाला न विचारता हात लावायचा नाही, हा नियम मुलग्यांनाही तितक्याच पक्केपणाने शिकवायचा.

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशन असतं, १० ते १९ वयासाठी. ते आपल्या मुलांसाठीही आहे. जाऊन मागा, म्हणजे त्यांनाही तयारी ठेवावी लागेल.

इंदिरानगरची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टरांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी अवयवांच्या नावांवर थोडी कुरबुर केली, मग म्हणाले चित्रं मी काढतो. आज पॅड लावून ती अर्धा तास बसली, मग काढून टाकलं. सासूबाईंशी मी स्वतः बोलणार आहे.

शाळेच्या पुढच्या पालकसभेत हा विषय मांडते आहे. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागातले पालक असाल तर त्याआधी एकदा भेटूया का?

सिडकोचा बाबा

मी येतो. रविवारी सकाळी चालेल.