मदत हवी आहे: शेततळ्यांत मुलं बुडू नयेत म्हणून तुमच्या गावात काय केलंत?

नमस्कार मंडळी,

मी जालना जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शेततळ्यांनी आमच्या भागाचं भलंच केलं, शेततळ्यांच्या पाण्यावर पिकणारी कडवंची गावची द्राक्षं सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यामुळे तळ्यांविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या शिवारात धाकटा भाऊ घसरला, बहीण त्याला काढायला वाकली आणि दोघंही गेली. बातम्या बघा, कितीतरी वेळा असंच दोन-दोन मुलं एकदम जातात.

ज्यांनी शेततळं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तळाला आणि चारी उतारांवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर शेवाळ धरलं की ओल्या पायाला पकडच मिळत नाही. विहिरीत निदान कपारी असतात, मोटारीचा पाइप असतो. इथे पट्टीचा पोहणाराही काठापर्यंत येतो, पुन्हा घसरतो आणि शेवटी दमून बुडतो.

पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, विषय मिटतो. डेंग्यूचा एक रुग्ण निघाला तर आरोग्य केंद्राची माणसं घरोघरी फिरतात. बुडालेल्या मुलाच्या गावात कोणी फिरकत नाही. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) आकडेवारीत 2022 साली देशात 38 हजारांवर माणसं बुडून मेली आहेत, म्हणजे ही साथच आहे! बांगलादेशात लहान मुलं जास्त करून सकाळी 9 ते दुपारी 1 च्या दरम्यान, आई कामात असताना बुडतात हे आधी तपासलं गेलं, मग नेमक्या त्याच वेळेत गावोगाव 'आँचल' नावाची पाळणाघरं सुरू झाली. आपल्याकडे अंगणवाडी आहे, पण सुट्टीत रानात फिरणाऱ्या मोठ्या मुलांचं काय?

मला हे हवंय. 30 बाय 30 मीटरच्या तळ्याला चारी बाजूंनी जाळीचं कुंपण करायला किती खर्च आला? खाजगी शेतातलं काम ग्रामपंचायतीच्या निधीत बसत नाही असं ग्रामसेवक म्हणतात, तुमच्याकडे कुणी बसवलं का? तोवर बांधावर, कागदाच्या बाहेर खुंट्या ठोकून गाठी मारलेले दोर पाण्यात सोडायचे, टोकाला रिकामा बंद कॅन बांधायचा, असा विचार आहे. कागद फाटेल म्हणून काही शेतकरी तयार नाहीत. नायलॉनचा दोर उन्हात किती टिकतो?

आणखी एक. बुडालेल्याला उलटं धरून फिरवणं, पोट दाबणं अजून सर्रास चालतं. खरं तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब तिथल्या तिथे सुरू करायला हवा, 108 येईपर्यंत उशीर झालेला असतो. हे गावकऱ्यांना शिकवायला तुम्ही कोणाला बोलावलंत? सरावाचा पुतळा कुठून मिळवलात?

सुट्ट्या लागायच्या आत शाळेच्या वाटेवरच्या तळ्यांना तरी दोर लावायचे आहेत, म्हणून दोराबद्दल आधी सांगितलंत तर बरं होईल.