ठसा म्हणजे लाकूड की चित्र?

अडलेला_अनुवादक: चार्ल्स बार्टलेटवरचा मजकूर मराठीत करतोय. हा इंग्रज चित्रकार १९१३ मध्ये हिंदुस्थानात फिरला, पुढे जपानला गेला. तोक्योचे प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांनी १९१६ मध्ये त्याची ताजमहाल, बनारस वगैरे चित्रं लाकडावरून रंगीत छापली. मी 'काष्ठठसे' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाईंनी खोडलं. म्हणे ठसा म्हणजे कोरलेलं लाकूड, कागदावर उमटते ती छाप. पटतंय का?

शाईचे_डाग: बाई बरोबर. अशा चित्राला रंगागणिक वेगळा ठसा लागतो. 'दहा ठशांचा एक ठसा' लिहिणार का?

ओसरीवरून: मग 'मनावर ठसा उमटला' म्हणजे मनात लाकूड शिरलं होय? दोन्ही अर्थ आहेत. ठसठशीतही त्यातूनच आला.

शाईचे_डाग: आणि ठसठसणारं गळू?

रंगारी_गल्ली: आमचं आजोळ भावसारांचं. लाकडाला ठसा, कापडावर उठते ती नक्षी. वाद नाही.

मुद्राचित्रवाली: छापून काढलेल्या चित्राला 'मुद्राचित्र' हा रुळलेला शब्द आहे, तो घ्या. पण जपानी वळण दिसलं की लगेच 'काष्ठ' लावू नका. अमेरिकन चित्रकार मेरी कॅसॅटनं १८९० चं पॅरिसमधलं जपानी चित्रांचं प्रदर्शन पाहून दहा रंगीत मुद्राचित्रं केली, ती तांब्याच्या पत्र्यांवरून. फ्रेंच चित्रकार आंरी रिव्हिएरची आयफेल टॉवरची छत्तीस दृश्यं जपानी चित्रकार होकुसाईच्या फुजी पर्वताच्या चित्रांवरून सुचलेली, पण ती शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली.

ओसरीवरून: शिळाछाप आहे ना? मग काष्ठछाप म्हणा.

शाईचे_डाग: काष्ठ कशाला, लाकूडछाप म्हणा की.

अडलेला_अनुवादक: घोडाछाप, सिंहछाप, लाकूडछाप! काडेपेटी वाटते हो.

मुद्राचित्रवाली: खरा पेच कर्त्याचा आहे. बार्टलेटनं चित्र काढलं. ते कोरणारे, छापणारे वातानाबेंचे कारागीर. युरोपातला चित्रकार एमिल ओर्लिक १९०० मध्ये जपानला गेला, त्यानं चित्रकार, कोरणारा आणि छापणारा अशी तीन चित्रंच करून ठेवलीत. उलट अमेरिकेतला आर्थर वेस्ली डाऊ स्वतः कोरायचा, स्वतः छापायचा, त्याच ठशांवर रंग बदलून एकाच देखाव्याची निराळी चित्रं काढायचा. बार्टलेटच्या छापणाऱ्याला मराठीत काय म्हणाल? मुद्रक म्हटलं की मला लग्नपत्रिका आठवते.

रंगारी_गल्ली: छिपी!

ओसरीवरून: तो तर शिंपी.

रंगारी_गल्ली: नाही हो. छिपी कापड छापणारा.

ओसरीवरून: मग आपले नामदेव शिंपी पंजाबात छिंबा कसे झाले?

अडलेला_अनुवादक: मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. छाप की ठसा?

शाईचे_डाग: छिंबा आणि छिपा एकच का?