टीपीएम मॉड्यूल घेण्याआधी पिना मोजा
टीपीएम म्हणजे संगणकाच्या सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप; ती मदरबोर्डावर वेगळं मॉड्यूल लावूनही बसवता येते. ‘टीपीएम २.० लिहिलेलं कुठलंही मॉड्यूल चालतं’ असं म्हणतात, ते पटलं नाही. बोर्डागणिक कनेक्टर वेगळा: कुठे १२ पिना, कुठे १४, कुठे २०. शिवाय काही मॉड्यूल एलपीसीवर चालतात, काही एसपीआयवर (बोर्डाशी जोडणीच्या या दोन वेगळ्या पद्धती). ठाण्यात स्टेशनजवळच्या दुकानदाराने मला २० पिनांचं काढून दिलं, बोर्डावर होत्या १४. ‘बसेल हो साहेब’ म्हणे! एक पिन मुद्दाम गाळलेली असते, तिची जागाही जुळावी लागते.

आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर असेल तर मॉड्यूलवर खर्च कशाला? बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बहुतेक ‘पीटीटी’ सापडेल, एएमडीवर ‘एफटीपीएम’; दोन्ही म्हणजे वेगळ्या मॉड्यूलशिवाय चालणारा टीपीएमच. मात्र बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) लावलेला असेल तर आधी तो थांबवा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. टीपीएम बदलला की विंडोज तीच मागतं.