चांदीचा शब्द: बास्क, गॉथिक आणि एक तिसरा साक्षीदार

स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क भाषेतला 'सिलार' (चांदी) हा शब्द गॉथिक, म्हणजे गॉथ या जर्मानिक (इंग्रजीच्या भाषाकुळातल्या) लोकांच्या लुप्त भाषेतल्या 'सिलुब्र'वरून आला, असं एक मत आहे. मला हे पटत नाही. गॉथ स्पेनमध्ये पोचले ते इसवी सनाच्या पाचव्या शतकात. झारागोझाजवळ बोतोरिता इथे 1970 साली एक कांस्यपट सापडला. त्यावरचा केल्टिबेरियन (स्पेनमधली एक प्राचीन केल्टिक भाषा) मजकूर इसवी सनापूर्वीचा आहे आणि त्यात 'सिलाबुर' स्पष्ट वाचता येतं! म्हणजे गॉथ येण्याच्या कितीतरी आधी हा शब्द बास्कांच्या शेजारी नांदत होता.

चांदीला जुन्या इंग्रजीत 'सेओल्फोर', जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) 'सिल्फ्र', तिकडे लिथुएनियनमध्ये 'सिदाब्रास'. यांतलं काहीच लॅटिन 'अर्जेंटुम' किंवा आपल्या 'रजत'शी जुळत नाही, आणि हे दोन शब्द तर एकाच मुळाचे. म्हणून मला वाटतं, हा शब्द धातूच्या व्यापाराबरोबर भाषेभाषेत फिरला. बास्क आणि जर्मानिक दोघांनीही तो तिसऱ्याच कुणाकडून घेतला असावा.

अर्थाबद्दल एक भर: वुल्फिला या बिशपने चौथ्या शतकात भाषांतर केलेल्या गॉथिक बायबलमध्ये 'सिलुब्र' नुसता धातू नाही, पैसा या अर्थानेही येतो.