मदत हवी आहे: सूर्यफुलांनी मान टाकलीये, कापू का थांबू?

गच्चीवाली:
नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला आमची छोटी गच्ची आहे, तिथे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रंगाच्या रिकाम्या बादल्यांमध्ये सूर्यफुलाचं बी टोकलं होतं, माती, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड. पाच रोपं आली, एक मांजराने मोडलं, एक लेकाच्या बॉलने, उरली तीन. फेब्रुवारीच्या मध्यात फुलली तीसुद्धा सगळी शेजारच्या बिल्डिंगकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ! पाणी आम्ही घालायचं आणि फोटो त्यांनी काढायचे. लेक रोज विचारतो की ऊन इकडे आलं तरी फूल का वळत नाही, शाळेत तर वळतं असं शिकवलंय.

असो, खरा प्रॉब्लेम पुढे आहे. आज १० मार्च, पिवळ्या पाकळ्या वाळून गेल्या आणि गेल्या आठवड्यात एकेकाने मान टाकली. मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून दोन वेळा घालायला लागले, तर खालची पानं पिवळी पडली, मग काठी रोवून सुतळीने मान वर बांधली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोन पोपट त्यावर ठाण मांडून बसलेले, कडेच्या दोन ओळी साफ! फरशीभर टरफलं.

एक फूल मात्र पोपटांच्या भीतीने उमलायला लागलं तेव्हाच जुन्या ओढणीत बांधून टाकलं होतं. काल ओढणी सोडली, अंगठ्याने वरचा वाळका भुसा झाडला तर आत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या बिया गच्च, इतका आनंद झाला म्हणून सांगू. मग दहा-बारा नखाने फोडल्या तर दोनच भरलेल्या, बाकी दाबलं की चपट. जी उघडी होती त्यात दाणा आहे पण अजून मऊ, दुधाळ.

नर्सरीवाल्याला फोन केला तर म्हणे कीड आहे, औषध मारा. कीड एक दिसत नाहीये. सासूबाई म्हणतात आत्ताच कापून घे, नाहीतर पोपटच जेवणार. काय करू?

मातीचेहात:
ताई आधी ती सुतळी सोडा! मान टाकणं हा रोग नाही, दाणा भरायला लागला की कणीस जड होतं आणि वाकतं, ते बरंच असतं, पाऊस आला तर पाणी पाठीवरून निथळून जातं आणि पक्ष्यांना पण उलटं लटकून खावं लागतं. तुम्ही वर बांधून त्यांना ताट वाढलंत 😄 खालची पानं या वयात पिवळी होणारच, त्यात दोन वेळा पाणी म्हणजे मुळं कुजायची, माती बोटभर वाळली की मगच घाला.

आणि लेकाला सांगा, शाळेत शिकवतात ते कोवळ्या झाडाचं. ते दिवसभर सूर्यामागे फिरतं आणि रात्रीतून परत पूर्वेला येतं. फूल पूर्ण उमललं की फिरणं थांबतं, तोंड कायमचं पूर्वेला, सकाळच्या उन्हात फूल लवकर तापतं आणि मधमाश्या जास्त येतात. तुमचे शेजारी पूर्वेला आहेत एवढाच त्यांचा गुन्हा.

कापायचं कधी ते फुलाच्या पाठीवरून बघायचं. हिरवी असेल तर हात लावायचा नाही, लिंबासारखी पिवळी होऊन कडेने तपकिरी व्हायला लागली की कापा.

लातूरकर:
ओढणीनं घात केलाय बघा. आपण ज्याला एक फूल म्हणतो ती शेकडो बारक्या फुलांची परडी असती, कडेपासून आत ओळीओळीनं आठ-दहा दिवस उमलत जाती, आणि प्रत्येकाला माशीनं पराग आणून द्यावा लागतो. तुम्ही माशीलाच दार लावलं, मग दाणे पोचट राहणारच. मधला थोडा भाग तसाही पोचट राहतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

आमच्याकडं फुलोऱ्यात माश्या कमी दिसल्या की सकाळी ७ ते ११ च्या दरम्यान हाताला तलम कापड गुंडाळून एका फुलावरनं दुसऱ्या फुलावर हळूच फिरवतेत, एक दिवसाआड. तीन फुलं म्हणजे तुमचं दोन मिनिटाचं काम. ओढणी बांधायची ती पाकळ्या सुकल्यावर, आणि प्लास्टिक अजिबात नको, आत घाम धरून बुरशी येती.

गच्चीवाली:
अरे देवा, म्हणजे मीच माझ्या हाताने! सुतळी सोडली, आता तिन्हींना जुन्या नेटच्या साडीचे तुकडे बांधलेत. पाठ अजून पोपटी आहे. मध्येच वळवाचा पाऊस आला तर?

मातीचेहात:
पाठ पिवळी झाली असेल तर पावसाची वाट न बघता हातभर दांडा ठेवून कापा आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी उलटं टांगा, खाली कापडी पिशवी बांधा म्हणजे गळलेलं वाया जात नाही. कडकडीत वाळल्यावर दोन कणसं एकमेकांवर घासली तरी दाणे सुटतात. बी हायब्रीडचं होतं का? मग हेच परत लावलंत तर झाडं एकसारखी येणार नाहीत, कुठलं उंच कुठलं बुटकं, हौस म्हणून लावा. आणि पाकिटातलं बी उरलं असेल आणि त्याला गुलाबी-निळा रंग असेल तर ते कोणी खाऊ नका, औषध लावलेलं असतं.

गच्चीवाली:
अपडेट. २६ तारखेला पाठी पिवळ्या होऊन कडा तपकिरी झाल्या, आभाळ पण भरून आलेलं, म्हणून तिन्ही कापून किचनच्या बाल्कनीत दोरीवर उलटी टांगली. आज सोलली. उघड्या दोन फुलांतून पोपटांचा वाटा जाऊन दोन वाट्या निघाल्या, ओढणीवालीतून वाटीचा तळसुद्धा झाकला नाही. सासूबाईंना जवसासारखी चटणी करायची होती पण टरफलं काढता काढता पंधरा मिनिटांत उठल्या, म्हणाल्या त्यापेक्षा पोपटांनाच घाल. सोलायची काही सोपी पद्धत आहे का कोणाकडे?