सदनिकेत आठवड्याची आपत्कालीन बेगमी: किती, कोणती आणि कुठे ठेवावी?

मुठाकाठ

नमस्कार. जुलै २०२४ मध्ये पुण्याजवळच्या खडकवासला धरणातून मुठा नदीत मोठा विसर्ग सोडला गेला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा जवळच असलेल्या आमच्या इमारतीच्या वाहनतळातही गुडघ्याच्या वर पाणी साचले होते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत असल्यामुळे घर कोरडे राहिले, परंतु वीज दीड दिवस नव्हती, लिफ्ट बंद होती आणि पाणी शुद्ध करणारे यंत्रही विजेवाचून निरुपयोगी ठरले. त्या दिवशी लक्षात आले, की घरात तांदूळ, डाळ आणि कणीक महिनाभर पुरेल इतकी होती, पण पिण्याच्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या केवळ दोन होत्या.

घरी आम्ही दोघे, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असे चौघे आहोत. सासूबाईंना रोज इन्सुलिन घ्यावे लागते. बाहेरून काहीही न आणता निदान एक आठवडा घर चालावे, एवढी तयारी मला यंदाच्या पावसाळ्यापूर्वी करायची आहे. यासाठी ज्या याद्या वाचायला मिळतात त्या बहुतेक परदेशी असून त्यांत डबाबंद मांस, सूप आणि बिस्किटे यांचाच भरणा असतो. आमच्याकडे ते कोणी खाणार नाही आणि मुदत संपली की टाकून द्यावे लागेल. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत नेमके काय ठेवावे, किती ठेवावे आणि ते खराब होऊ नये म्हणून काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पेठेतली काकू

ताई, ज्याला आपण आपत्कालीन साठा म्हणता त्याला आमच्या लहानपणी नुसते ‘बेगमी’ म्हणत असत आणि ती प्रत्येक घरात असे. एप्रिल-मे महिन्यांत गहू आणि डाळींना ऊन द्यायचे, निवडून-पाखडून कोठ्या भरायच्या, पापड-कुरडया-सांडगे घालायचे आणि मग पावसाची वाट पाहायची, असा तो क्रम होता. वर्षाचे धान्य भरणे आता सदनिकेत शक्य नाही आणि त्याची गरजही नाही, पण त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: संकटासाठी म्हणून वेगळे धान्य कधीच नसे. रोजच्याच कोठीतले जुने धान्य आधी संपवायचे आणि नवे खाली घालायचे, एवढाच नियम होता. आपणही वेगळी पिशवी भरून माळ्यावर टाकू नका, कारण ती दोन वर्षांनी उघडाल तेव्हा आत सोंडे आणि टोके यांचे राज्य असेल.

आता हिशेब सांगते. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ आणि तेल, गूळ, शेंगदाणे प्रत्येकी ३० ग्रॅम धरले, तर सुमारे २,१०० उष्मांक मिळतात. चौघांना सात दिवस म्हणजे धान्य सव्वाअकरा किलो, डाळ पावणेदोन किलो आणि उरलेल्या तीन जिनसा प्रत्येकी एक किलोच्या आतच. मूल आणि वृद्ध कमी खातात, म्हणजे थोडे उरेलच. तेलाचे जुने पंधरा किलोचे दोन डबे स्वच्छ धुऊन वाळवले, तर एवढे सगळे त्यांत मावते, आणि ते पलंगाखालीसुद्धा राहतात.

काय ठेवावे यापेक्षा काय ठेवू नये, हे मी आधी सांगेन. ज्वारीचे पीठ जास्त दळून ठेवू नका, कारण जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. दाण्याचे कूट खवट होते, म्हणून दाणे अख्खे ठेवा आणि बुरशी आलेला किंवा कडवट लागणारा दाणा नि:संकोच फेकून द्या. मूग आणि चवळी यांना भुंगा सर्वांत लवकर लागतो, त्यामुळे ती कडधान्ये थोडीच असू द्यावीत. रवा भाजून ठेवला तर टिकतो. तूरडाळीला ऊन देऊन एरंडेलाचा हात लावावा, मात्र तांदूळ कडक उन्हात घालू नये, त्याचे दाणे तडकून कणी होते. त्यात कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला घालून झाकण घट्ट लावले, की पुरते. धान्यात बोरिक पावडर मिसळण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे, पण लहान मूल असलेल्या घरात मी ती सुचवणार नाही.

स्वयंपाकाला चूल नसली तरी खाता येईल, असे काही हाताशी हवेच. पातळ पोहे, सातूचे पीठ, चुरमुरे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, सुके खोबरे आणि गूळ या जिनसा त्यासाठीच आहेत. सातूचे पीठ गुळाच्या पाण्यात कालवले, की जेवण झाले. चुरमुरे आणि पोहे मात्र पावसाळ्यात सादळतात, ते महिन्याचेच आणावेत.

शेवटी पानशेतचे सांगते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. माझी आई सांगत असे, की आमच्या नातेवाइकांच्या नारायण पेठेतल्या वाड्यात धान्याला तोटा नव्हता, पण सगळ्या कोठ्या तळमजल्यावर होत्या. तीन दिवसांत ओले धान्य आंबून दर्प सुटला. पुढे कित्येक दिवस नळाला पाणी नव्हते आणि आजूबाजूच्या वाड्यांतील विहिरींवर रांगा लागत. आपण तिसऱ्या मजल्यावर आहात, तेव्हा पहिली चिंता नाही. दुसरीचा विचार मात्र जरूर करावा.

निवृत्त अभियंता

काकूंनी धान्याविषयी सांगितलेले सर्व मान्य आहे, परंतु माझ्या मते सदनिकेत राहणाऱ्याने धान्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. घरात धान्य असतेच. संपते ते पाणी, आणि त्यानंतर गॅस.

आपत्तीच्या काळात पिणे, स्वयंपाक आणि अंगाची किमान स्वच्छता यांसाठी माणशी दररोज १५ लिटर पाणी मिळावे, असा आंतरराष्ट्रीय मदतकार्याचा मान्य निकष आहे. चौघांचे हे एका दिवसाचे ६० लिटर झाले. आठवड्याचा ४२० लिटरांचा साठा सदनिकेत ठेवणे अवघड आहे आणि बाल्कनीवर तेवढा भार टाकणेही योग्य नाही. म्हणून मी दोन भाग करतो. पिणे व स्वयंपाक यांसाठी माणशी पाच लिटर धरून तीन दिवसांचे ६० लिटर पाणी वीस-वीस लिटरच्या झाकणाच्या तीन कॅनमध्ये कायम भरलेले असावे. वापराचे पाणी बादल्या, पिंप आणि जुन्या बाटल्या यांत मिळेल तसे साठवावे. तीन दिवसांत बहुधा टँकर तरी पोहोचतो.

हे कॅन बदलण्याची आठवण कशी राहावी, याचे उत्तर पुणेकरांना महापालिकेनेच दिलेले आहे. ‘येत्या गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी पाणीपुरवठा बंद राहील आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल’ ही सूचना आपण अधूनमधून वाचतच असतो. ती आली, की बुधवारी रात्री कॅन रिकामे करून धुवावेत आणि पुन्हा भरावेत. बऱ्याच दिवसांत सूचना आली नाही, तर महिन्यातून दोनदा आपण होऊन बदलावेत.

दुसरी बाब फारशी कोणी लक्षात घेत नाही. वीज गेल्यावर गच्चीवरील टाकीतील पाणी उताराने खाली येतच राहते आणि त्यामुळे सर्वांना वाटते, की पाण्याला काही झालेले नाही. पहिल्या दोन तासांत धुणे-भांडी-आंघोळी उरकून सोसायटी ती टाकी रिकामी करते आणि पंप बंद असल्यामुळे ती पुन्हा भरत नाही. त्याहून धोक्याची आहे ती जमिनीखालची टाकी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, तेव्हा सहकारनगर परिसरातील आमच्या सोसायटीच्या या टाकीत गटाराचे पाणी मिसळले होते. वीज येताच कोणीतरी उत्साहाने पंप सुरू केला आणि ते पाणी सर्वांच्या घरांत पोहोचले. पूर ओसरल्यावर ती टाकी उपसून धुतल्याशिवाय पंपाला हात लावू नये, हे आपल्या सोसायटीच्या सभेत आत्ताच ठरवून घ्यावे.

शंकास्पद पाणी प्रथम निवळू द्यावे, चौपदरी फडक्याने गाळावे आणि खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळावे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. उकळणे शक्य नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या वेष्टनावरील प्रमाणानुसार टाकून अर्धा तास थांबावे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरील नांदेड गाव, किरकटवाडी आणि धायरी या आपल्याच भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावरच होता, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

गॅसविषयी थोडक्यात सांगतो. घरी १४.२ किलोचे दोन सिलिंडर असतील, तर एक कायम भरलेला राहील असे पाहावे. नळाने येणारा गॅस असेल, तर पूरस्थितीत तो सुरक्षिततेसाठी बंद केला जाऊ शकतो आणि इंडक्शन शेगडी विजेवाचून चालत नाही, म्हणून रीतसर मिळणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर ठेवण्याचा विचार करता येईल. कोळशाची शेगडी बंद खोलीत कदापि पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच दगावतो.

कोथरूडकर

मला हे सर्व काहीसे अतिरेकी वाटते. पुण्यासारख्या शहरात दुकान पाच मिनिटांवर असते आणि घरपोच सामान दहा मिनिटांत येते. शिवाय प्रत्येकाने असा साठा करायचे ठरवले, तर बाजारात टंचाई होऊन भाव वाढतील आणि ज्यांचे पोट रोजच्या कमाईवर आहे त्यांना त्याचा फटका बसेल. साठेबाजीला आपण वेगळे नाव देत आहोत, असे तर नाही ना?

निवृत्त अभियंता

आपला दुसरा मुद्दा रास्त आहे, पण तो घाईघाईच्या खरेदीला लागू पडतो. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता देशभरातील टाळेबंदीची घोषणा झाली आणि त्यानंतर तासाभरात किराणा दुकानांपुढे जी गर्दी उसळली, तिच्यामुळे फळ्या रिकाम्या झाल्या. ज्यांच्या घरी आधीच पंधरा दिवसांचे होते, ते त्या रांगेत नव्हते आणि तेवढे धान्य इतरांसाठी दुकानात राहिले. एरवीच्या शांत दिवसांत दर महिन्याला दोन किलो जास्त आणून साठा वाढवला, तर बाजाराला त्याचा पत्ताही लागत नाही. दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या मुलाची दुचाकी पुराच्या पाण्यातून चालत नाही, एवढेच पहिल्या मुद्द्याविषयी म्हणतो. रोजच्या कमाईवर जगणाऱ्यांचा प्रश्न आपण काढलात हे बरे झाले, कारण आमच्या सोसायटीचा पहारेकरी तळमजल्यावरील खोलीत कुटुंबासह राहतो आणि २०१९ मध्ये त्याचे सारे धान्य भिजले. हिशेब करताना मी आता त्यांची तीन माणसे धरतो.

औषधवाली

मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर असून बरीच वर्षे औषधांच्या दुकानात काम केले आहे, म्हणून केवळ सासूबाईंच्या इन्सुलिनविषयी लिहिते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, परंतु वापरात असलेली कुपी किंवा पेन खोलीच्या तापमानात साधारण चार आठवडे चालते. नेमकी मुदत आणि तापमानाची मर्यादा प्रत्येक प्रकाराच्या माहितीपत्रकात दिलेली असते, ती वाचावी. म्हणजे वीज दोन दिवस गेली तर लगेच घाबरण्याचे कारण नाही. शीतकपाट वारंवार उघडू नये. वीज त्याहून अधिक काळ नसेल, तर कुपी पाणी न शिरणाऱ्या डब्यात घालून तो डबा मातीच्या माठात ठेवावा आणि माठाला बाहेरून ओले फडके गुंडाळावे. बर्फाला थेट टेकवून मात्र ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरता येत नाही.

सर्व नेहमीची औषधे संपण्याच्या दोन आठवडे आधी आणण्याची सवय लावावी आणि त्यासोबत सुया, साखर तपासण्याच्या पट्ट्या व डॉक्टरांच्या चिठ्ठीची छायाप्रत ठेवावी. साखर एकाएकी उतरली तर देण्यासाठी ग्लुकोजची पूड किंवा साधी साखर सासूबाईंच्या उशाशीच असावी, कारण अशा दिवसांत जेवणाच्या वेळा चुकतात आणि इन्सुलिनची वेळ मात्र पाळली जाते. जुलाबासाठी ओआरएसची पाकिटे ठेवावीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा लहान, चहाचा घ्यावा. मिठाचे प्रमाण अंदाजाने वाढवू नये.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या दिवसांत मी आपल्या सूचनांनुसार बरेचसे काम उरकले आहे, म्हणून त्याचा वृत्तांत देते. तेलाचे दोन डबे पलंगाखाली गेले आहेत आणि त्यांवर भरल्याची तारीख लिहिली आहे. पाण्याचे तीन कॅन ठेवायला स्वयंपाकघरात जागा नव्हती, ते दिवाणखान्यात सोफ्याच्या मागे भिंतीला लागून ठेवले. पाहुण्यांना दिसतात, पण त्याला इलाज नाही. गेल्या बुधवारी पाणी बंद राहण्याची सूचना आली, तेव्हा आम्ही मुद्दाम गुरुवारी दिवसभर नळ उघडला नाही, शुद्धीकरण यंत्र आणि इंडक्शन शेगडी बंद ठेवली. पिणे-स्वयंपाकाचे पाणी संध्याकाळपर्यंत सतरा लिटर लागले, म्हणजे अभियंतासाहेबांचा वीस लिटरांचा अंदाज बरोबर निघाला. भांडी घासण्याला मात्र मी धरले होते त्याच्या दुप्पट पाणी गेले, तेव्हा अशा दिवसांसाठी पत्रावळींचा एक गठ्ठा बोहरी आळीतून आणून ठेवणार आहे.

दोन उणिवा सापडल्या. विजेरीतील सेल पाझरून आतला भाग गंजला होता, त्यामुळे यापुढे सेल बाहेर काढून शेजारी ठेवायचे ठरले. दुसरे म्हणजे फोनवरून पैसे देण्याच्या सवयीमुळे घरात मिळून एकशे चाळीस रुपये रोख निघाले. आता सुट्ट्या नोटांचे दोन हजार रुपये कागदपत्रांच्या पाकिटात ठेवले आहेत.

काकूंना एक विचारायचे राहिले. राजगिऱ्याचे लाडू आठवड्याचे म्हणून आणले होते, ते चिरंजीवांनी चार दिवसांत संपवले. त्याला न आवडणारे, पण वेळ आली तर खाईल, असे काही टिकाऊ सुचवता येईल का?

पेठेतली काकू

मेथीचे लाडू करून ठेवा. दोन महिने टिकतात आणि डब्याला कुलूप लागत नाही.